दुष्फेन

गिझर उघडला की आधी वास येतो,
ओल्या चुन्याचा.
मग कॉइल दिसते, म्हणजे दिसतच नाही:
ज्वारीच्या लाह्या थापून ठेवाव्यात
तसं पांढरं, खरबरीत, अंगठ्याहून जाड.
पकडीनं टोचलं की खपली निघते,
खपलीखाली खपली.

मी सांगतो, बाई, गिझर चांगलाय,
पाणी जड आहे.
बाई म्हणतात, मग पाणी दुरुस्त करा की.

औसा रोडला सातशे फुटांवर लागलं,
खाडगाव रोडला नऊशेवर, तेही करंगळीएवढं.
जितकं खोल, तितकं ते दगडाशी जास्त बोललेलं,
आणि वर आलं की
पोटात काही ठेवत नाही.

नळेगावकर बाईंची तुरीची डाळ
सात शिट्ट्यांनंतरही दाण्याला दाणा.
सोडा टाकला तर नवऱ्याच्या जिभेला कळतं,
नाही टाकला तर दाताला.
म्हणून आठ-दहा दिवसांनी धरणाचं पाणी सुटतं
तेव्हा त्या एक कळशी डाळीपुरती राखतात.
कळशीवर ताट, ताटावर वरवंटा.
पाहुण्यानं प्यायला मागितलं तर
जारचं देतात, विकतचं,
कळशीकडं बघूसुद्धा देत नाहीत.

शिकवणीच्या पोरींच्या वसतिगृहात
मोरीच्या जाळीत केसांची घरटी.
किनवटकडची तनुजा किनाके, बारावीची,
मी शॉवरची चाळणी सुईनं मोकळी करत होतो तेव्हा
दारातून म्हणाली,
काका, टक्कल पडलं तर डॉक्टर होता येतं का?
मी टोपी काढून दाखवली.
म्हटलं, मिस्तरी तरी होता येतं.
ती हसली, मग मास्तरणीसारखी सांगू लागली:
पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात.
उकळून जाते ती तात्पुरती दुष्फेनता,
न जाते ती कायमची.
दोन मार्कांना येतं.

बावीस वर्षं मी हे खरवडतोय,
त्याला नाव असेल असं वाटलं नव्हतं.
दुष्फेन.
शिवीसारखा सुरू होतो
आणि मधेच सभ्य होतो.

परवा भिसे सरांकडं गेलो. बार्शी रोड, मागची गल्ली.
बाई फेब्रुवारीत गेल्या, हे मला
चहा त्यांनी स्वतः आणला तेव्हा कळलं.
चहावर तवंग होता. कपाला आतून
चार-पाच वर्तुळं, एकाखाली एक.
कॉइल बदलली. ऍसिडची बाटली उघडीच होती,
जाता जाता नळ, टाइल मी फुकट पुसून देतो, सवय आहे.
बेसिनवरच्या आरशाला फडकं लावणार, तोच
सर म्हणाले, तिथं नको.

आरशाच्या खालच्या अर्ध्यात
पांढरे ठिपके, दाट, शिंतोड्यांचे,
उंचीनं कमी असलेलं माणूस
दोन्ही ओंजळींनी तोंडावर पाणी मारतं
तेवढ्याच उंचीपर्यंत.
वर काच स्वच्छ होती. तिथं सरांचा चेहरा होता,
दाढी वाढलेली.

मी बाटलीचं झाकण लावलं. ते नीट बसेना,
आट्यांत क्षार धरलेला.
बिल किती, त्यांनी विचारलं.
कॉइलचे सांगितले, मजुरी विसरलो,
गल्लीच्या तोंडाशी आठवलं, पण
परत नाही गेलो.

आरशावरचं ते कोणत्या प्रकारात बसतं,
पोरीला विचारायचं राहून गेलंय.
तिची परीक्षा आता झाली असेल.

रात्री घरी हात धुताना
साबण फिरवत राहिलो,
फिरवत राहिलो, पाण्याचं नुसतं दही होत होतं.
बायको आतून म्हणाली,
बास की आता,
टँकरचंय ते.